आज पोटाची परीक्षा आहे

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळपासून फोन लावत होते. सोमवारपासून एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल, आणि मला सोळा पेशंट हवे होते. सोळा चांगले पेशंट. आमच्या भाषेत चांगला पेशंट म्हणजे बरा होत आलेला नव्हे. ज्याच्या आजाराच्या खुणा हाताला लागतात, कानाला ऐकू येतात, आणि जो तीन दिवस दर तासाला नवीन मुलाला अंगाला हात लावू देतो, पण परीक्षेच्या मध्येच दगावत नाही, तो चांगला. वर्षभर असे लोक हेरून त्यांचे नंबर मी एका वहीत लिहून ठेवते. नावापुढे आडनाव नसतं, अवयव असतो. तुकाराम, हृदय. चाचा, फुप्फुस. यमुना, पानथरी; प्लीहा म्हणतात ती, डाव्या बरगडीखालची.

पहिला फोन तुकारामला.

"येतो की मॅडम. पन बुदवारी पुतन्याचं लगीन हाय, तवा दोनच दिवस."

"चालेल. गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"घिऊ का नको? मागल्या टायमाला पाय उतरलं, तर तुमच्याच त्या चष्म्यावाल्या सायबांनी त्वांड वाकडं केलं. म्हनलं, सूज कुटं गेली?"

"घ्या. मी सांगते त्यांना."

फोन ठेवून मी हसले. पेनचं टोपण दातात होतं, त्यामुळे हसणं नीट जमलं नाही.

लोणावळा म्हटलं की लोकांना पाऊस आठवतो, धुकं आठवतं, भजी आठवतात. मी इथली. कुसगावला वाढले आणि तुंगार्लीत घर केलं. मला फेब्रुवारी आठवतो. गवत वाळून पिवळं होतं आणि मग कोणीतरी पेटवतं, की डोंगर काळे. जळक्या गवताच्या काड्या वाऱ्याबरोबर येऊन वाळत घातलेल्या चादरींवर बसतात, झटकायला गेलं की काळी रेघ उमटते. तळ्याचं पाणी मागे सरतं आणि काठाला भेगा पडलेला चिखल उघडा पडतो. काटेसावरीला एक पान नसतं, नुसती लाल फुलं. चिक्कीच्या दुकानांत माणसं माश्या हाकत बसलेली असतात. सकाळी गाडीचं स्टिअरिंग हाताला गार लागतं आणि दुपारी त्यालाच हात लावता येत नाही. पाहुणे नसलेलं, धुक्याने न झाकलेलं गाव जसं असतं तसं दिसतं. फार देखणं नाही. याच दिवसांत आमच्या परीक्षा असतात. तेव्हाही असायच्या.

चोवीस वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. परीक्षेच्या दिवशी वॉर्डातले नेहमीचे पेशंट दुसरीकडे हलवलेले, खाटांवर घडीच्या चादरी, खिडक्या पुसलेल्या. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून सिस्टरांनी फुलदाणीसुद्धा ठेवलेली. आम्ही व्हरांड्यात रांगेत उभे, इस्त्रीचे पांढरे कोट घालून, कैद्यांसारखे पिवळे पडलेले. आमच्या कोटांच्या खिशांत टॉर्च, मोजपट्टी, गुडघ्यावर मारायची हातोडी, कापूस. सगळ्यांचे हात बर्फासारखे, कारण भीतीने हात गार पडतात आणि आम्ही ते पुन्हा पुन्हा धूत होतो. मग तळवे एकमेकांवर चोळायचे. पोटावर ठेवायचा हात आधी गरम करावा, ही आम्हाला मिळालेली पहिली शिकवण. गार हात लागला की पोट आक्रसतं आणि आतलं काही कळत नाही. पेशंटला बरं वाटावं म्हणून नव्हे, आपल्याला कळावं म्हणून. हा फरक मला तेव्हा दिसला नाही. शिकवणाऱ्यांनाही दिसला असेल असं वाटत नाही.

शिकवण्या आणखी पुष्कळ होत्या. एक सीनियर मुलगी आम्हाला हॉस्टेलच्या गच्चीवर बसवून सांगायची, "केसपेपरवर जे आहे तेच सांगा. कमी सापडलं तर मार्क कमी. जास्त सापडलं तर त्याहून वाईट."

"का गं?"

"अगं, तुला जास्तीचं सापडलं, याचा अर्थ परीक्षकाला सापडलं नव्हतं. तो ते मान्य करेल का? तो म्हणेल, हिला भास होतात. बस मग सहा महिने."

आम्ही हे वहीत लिहून घेतलं नाही. लिहायची गरज नव्हती.

चिठ्ठी उचलली तर खाट नंबर चार निघाली. खाटेवर एक बारीक, काळासावळा म्हातारा मांडी घालून बसला होता, शर्टाची बटणं आधीच काढून. मी कागद काढला, नाव विचारलं.

"गंगाराम. आन तुजं गं?"

मी नाव सांगितलं.

"गाव?"

पेशंटने प्रश्न विचारायचे नसतात. पण मी सांगितलं, कुसगाव.

त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. "अन्नांची धाकली व्हय तू? तुमच्या वावरात गवत कापलंय म्या दोन वरसं. तुजी आई गुळाचा च्या द्यायची, पितळीत. मी वरल्या वाडीतला, तुंगार्लीच्या."

मला आठवला नाही. गवत कापायला वाडीतली माणसं यायची, भारे डोक्यावर घेऊन जायची. भाऱ्याखाली तोंड दिसत नसे. मी "हो का, आबा" म्हटलं आणि घड्याळ पाहिलं. पाऊण तास होता, त्यातली पाच मिनिटं गेली होती.

"घाबरतीस कशाला?" तो खाली झुकून म्हणाला. "लिही. पानथरी चार बोटं. लिवर न्हाई वाढल्यालं. पोटात पानी न्हाई. डोळं पिवळं न्हाईत. जुना हिवताप, येतो-जातो. सा वरसं परीक्षेला बसतोय मी, कुनाला नापास हू दिलं न्हाई."

ही त्याची बढाई नव्हती. परीक्षेच्या पेशंटांमध्ये गंगारामचं नाव होतं, पण मला तो त्या दिवशी पहिल्यांदा भेटला. मी काही सांगायच्या आत तो पाठीवर निजला, गुडघे वर घेतले, डोकं डावीकडे वळवलं आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागला. पोट कसं सैल सोडायचं ते त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी हात ठेवला. पानथरी श्वासाबरोबर खाली येऊन बोटांना टेकली, बरोबर चार बोटं, कडेला एक खाच. पुस्तकातल्या चित्रासारखी. मला त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली.

तेवढ्यात तो खोकला. एकदा, मग उठून बसून पुन्हा, बराच वेळ.

"ह्ये बघ की जरा," तो तोंड पुसत म्हणाला. "दीड म्हैना झाला. सांजचं अंग कसकसतं. रातीला घामानं आंथरून भिजतंय. छातीत काय हाय का बघ की पोरी. कालपास्नं धा जनं यिऊन गेली, समदी पोटच बघत्यात."

मी स्टेथोस्कोप त्याच्या पाठीवर लावला. का लावला ते सांगते. कळकळ नव्हती. पूर्ण तपासणीत छातीचा एक रकाना असतो, तो भरायचा होता. उजवीकडे, अगदी वर, खांद्याच्या हाडाशी मला आवाज ऐकू आला. कानाजवळ बोटांत केस चोळले तर येतो तसा. मी त्याला खोकायला सांगून मोठा श्वास घ्यायला सांगितलं. पुन्हा आला, आणखी स्पष्ट. पाच वर्षं पुस्तकात वाचलेला आवाज मला पहिल्यांदा कोणी दाखवून न देता, माझा मला सापडला होता. अंगावर काटा आला.

मग मला गच्चीवरची मुलगी आठवली. टीबी असेल का? ताप, घाम, खोकला, तो आवाज. असणारच. पण केसपेपरवर पानथरी होती. सहा वर्षं सगळ्या परीक्षकांनी या माणसाची छाती स्वच्छ लिहिली होती.

"आबा," मी म्हटलं, "आज पोटाची परीक्षा आहे. छातीचं नंतर बघू."

"बरं," तो म्हणाला.

टपालाच्या खिडकीवर आपण चुकीच्या रांगेत आहोत हे कळल्यावर माणूस बाजूला होतो ना, तसा तो म्हणाला. आणि परत पाठीवर निजून त्याने गुडघे वर घेतले, मला पानथरी अजून एकदा बघायची असेल तर म्हणून.

परीक्षक दोन होते. मी घडाघडा सांगितलं. त्यांनी पानथरीवर हात ठेवायला लावला, मोजायला लावलं, पानथरी वाढण्याची कारणं विचारली. मग एकाने कागदावरची नजर न उचलता विचारलं, "छाती?"

"क्लिअर, सर."

"छान. कुठली तू?"

"लोणावळ्याची, सर."

"मग चिक्की कुठाय?"

सगळे हसले. मी हसले. गंगारामही हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. परीक्षक दोन पावलं मागे सरकून सिस्टरांना म्हणाले, "पाणी द्या हो त्याला."

मी पास झाले.

ते 'नंतर' कधी आलं नाही. परीक्षेचे पेशंट तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम सोडतात, जेवण झालं की, प्रत्येकाला एसटीचं भाडं आणि त्या वर्षी एकेक चादर. मला ते माहीत होतं. त्या दुपारी मी हॉस्टेलवर केस धूत होते. परीक्षा संपेपर्यंत केस धुवायचे नाहीत असा माझा नेम होता, आणि तो सोडायची घाई होती. वॉर्ड तिथून चालत सहा मिनिटांवर. एखाद्या रेसिडेंट डॉक्टरला "खाट चारची थुंकी तपासा" एवढंच सांगायचं होतं. पण मग त्याने विचारलं असतं, तुला कधी सापडलं? आणि निकाल अजून लागायचा होता.

पुढे मी हिशेब मांडून पाहिला. तीन दिवसांत त्या माणसाच्या अंगाला तीसेक हात लागले. चार-पाच परीक्षकांनी त्याला पाहिलं. त्याच्या शरीराबद्दल पुण्यातली सगळ्यात हुशार मुलं शेकडो वाक्यं बोलली. तपासलं त्याला कोणी नाही. एकीने तपासलं, आणि तिने सांगितलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मी इंटर्न होते. विभागप्रमुखांनी मला बोलावलं. "तू तिकडचीच ना? तो पानथरीवाला घेऊन ये. पत्र पाठवलं, आला नाही."

तुंगार्लीच्या वरच्या वाडीला तेव्हा रस्ता नव्हता. जळक्या गवतातून तासभर चढून गेले, सलवार गुडघ्यापर्यंत काळी झाली. कुडाची सात-आठ घरं. एका दारात विशीतली बाई नाचणी पाखडत बसली होती. मी गंगाराम कुठं राहतात विचारलं.

"सासरं माजं. त्ये न्हाईत आता. दिवाळीच्या आदी गेलं." तिने सूप खाली ठेवलं. "तुमी कोन?"

मी सांगितलं, पुण्याच्या दवाखान्यातून आले.

"लय नाव काढायचं तुमच्या दवाखान्याचं. शेवटाला रगत पडायचं तोंडातनं, तरी म्हनायचं, माजी तपासनी हुती दर साली."

"इथल्या सरकारी दवाखान्यात नेलं नाही का?"

तिला माझा प्रश्न कळला नाही, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. "हितं कशाला न्यावं? हितं येकच डागतर, त्यो बी हप्त्यातनं दोनदा. तितं धा-धा डागतर येकाच येळी बघत्यात म्हनायचं. समदं अंग चाचपून बघत्यात, इंग्रजीत बोलत्यात, लिवून घेत्यात. त्येंला काय असतं तर त्येंनी सांगितलं न्हाई का?"

आत म्हातारी, तिची सासू, खोकत होती. एक शेळी माझ्या ओढणीचं टोक चघळत होती, मी ती ओढून घेतली.

त्या वाडीला परीक्षा म्हणजे काय हे कोणी सांगितलंच नव्हतं. मोठ्या दवाखान्यातून दरवर्षी बोलावणं येतं, गाडीभाडं देऊन बोलावतात, जेवू घालून तीन दिवस तपासतात. मग हा माणूस मावळातला सगळ्यात चांगला तपासलेला माणूस नव्हे तर काय? त्याला खोकला आला तेव्हा घरच्यांनी केलं ते अगदी शहाणपणाचं होतं. ते पुढच्या बोलावण्याची वाट पाहत थांबले.

इथे मी रडले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी म्हटलं, "दुसरं कोणी आहे का वाडीत, पानथरी वाढलेलं?"

हे वाक्य मी बोलले. ते मऊ करता येत नाही. मी तासभर चढून गेले होते आणि रिकाम्या हातांनी उतरणार नव्हते.

तिला राग आला नाही. तिने जरा विचार केला, आणि मग पदर बाजूला सारून डाव्या बरगडीखाली हात ठेवला. "माजं बी हे आंग जड लागतंय. मामंजी म्हनायचं, तुजं बी माज्यावानीच हाय."

मी तिथेच, दारात, तळवे चोळून गरम केले आणि तिच्या पोटावर हात ठेवला. तीन बोटं. गुळगुळीत, कडेला खाच. मला आनंद झाला.

निघताना मी चिठ्ठी लिहून दिली, म्हातारीची थुंकी तपासून घ्या म्हणून. चिठ्ठी घेऊन कोणी खाली गेलं का, ते मी पुढे विचारलं नाही. तिचं नाव यमुना.

यमुना गंगारामपेक्षा सरस निघाली. तो सगळ्यांनाच उत्तर द्यायचा. यमुना आधी मुलं पारखते. दारातून येऊन थेट चादर ओढणाऱ्याला काही मिळत नाही. "आदी नाव सांग. गाव कंचं? जेवलास का? न्हाई? मंग पोट कसं कळंल तुला, तुजंच रिकामं." जो मुलगा उत्तर देतो, हात गरम करतो, त्याला ती कुजबुजून सांगते. आजकाल मुलांचा मोबाइलवर ग्रुप असतो. पहिली तुकडी बाहेर पडली की दहा मिनिटांत कुठल्या खाटेवर काय आहे ते सगळ्यांना पोचतं, तरीही यमुनाने कानात सांगितल्याची गंमत वेगळी असावी. मागच्या वर्षी एक मुलगी मला म्हणाली, "मॅडम, बेड चारच्या मावशी किती गोड आहेत!" मी म्हटलं, "हो, आहे." पुढचं मनात ठेवलं.

मी पुण्यातली नोकरी सोडून आत्ताच्या कॉलेजात आले, तेव्हा सोबत तीन गोष्टी आणल्या. पुस्तकं, स्टेथोस्कोप आणि यमुना. शिक्षकांमध्ये अशी चढाओढ असते, कोणाकडे कुठली केस. बाहेरचे परीक्षक चहा पिताना विचारतात, "ती पानथरीवाली आहे ना या वर्षी?" त्याचा मला अभिमान वाटायचा. मी तिला वाऱ्यावर सोडलं नाही, हेही खरं आहे. तिला गोळ्या मीच देते, दोनदा दुर्बिणीने तिची अन्ननलिका बघून घेतली. तिच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत दाब वाढलेला आहे, त्यामुळे पानथरी फुगते आणि अन्ननलिकेतल्या शिराही. त्या शिरा एखाद्या दिवशी फुटू शकतात. सात वर्षांपूर्वी आमचे सर्जन म्हणाले, "ऑपरेशन करून टाकू या. शिरांचा मार्ग वळवतो आणि पानथरी काढतो. तरुण आहे, सोसेल."

मी म्हटलं, "बघू."

डॉक्टर म्हणून माझ्याकडे 'बघू'ची कारणं होती. शिरा तेव्हा लहान होत्या. ऑपरेशनमध्ये धोका होता. कोणी विचारलं असतं तर मी पुस्तकाचं पान काढून दाखवलं असतं. पण कोणी विचारलं नाही, आणि पुस्तकात नसलेलं कारण मला माहीत होतं. पानथरी काढली की केस संपली.

वैद्यकीचं शिक्षण माणसाला निर्दय करतं असं बाहेरचे लोक म्हणतात, आणि मृतदेह, रक्त, असली उदाहरणं देतात. त्यांनी कोणी निर्दय होत नाही. पहिल्या आठवड्यात उलटी होते, दुसऱ्या आठवड्यात भूक लागते, संपलं. निर्दयपणा फार शिस्तीत शिकवला जातो, गरम हातांनी, हसतमुखाने, मार्क देऊन. माणूस आजारी असणं आपल्या सोयीचं आहे, हे एकदा अंगवळणी पडलं की मग पुढे फार काही शिकावं लागत नाही.

तर १२ तारखेला, साडेपाचच्या सुमारास, वहीतला अकरावा फोन यमुनाला लावला. दहा जण ठरले होते.

"ताई, कधी यायचं? आयतवारी सांजच्याला का सोमवारी?"

"रविवारी संध्याकाळी ये."

"बरं. परीक्षेचं लुगडं धुवून ठेवलंय. एक इचारू का?"

"विचार."

"दोन दिस झालं परसाकडला काळी व्हतीय. डांबरावानी."

माझं पेन थांबलं. "उठल्यावर चक्कर येते?"

"येती जरा. पन तुमी काळजी करू नका. सोमवारपतुर ठीक व्हतंय. परीक्षा चुकवनार न्हाई मी."

मी तिला लगेच खाली यायला सांगितलं. तिचा मुलगा कंपनीत पाळीला गेला होता, नवरा आता नाही. आणि ती म्हणाली, "आयतवारी यायचंच हाय न्हवं? दोनदा कशाला उतरू?" मी तिला निजून राहायला सांगितलं, शेजारणीला सोबत बोलव, उलटी झाली तर त्या क्षणी फोन कर. मग विभागप्रमुखांना फोन लावला.

"काळी म्हणजे रक्तच," ते म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत. "उद्या घ्या वॉर्डात. सलाईन चालू ठेवा, रक्त लागलं तर देऊ. तेवढं सोमवार-मंगळवार काढता येतं का बघा. दुर्बीण बुधवारी. बाहेरचे दोघं तिची चौकशी करतच होते."

"बरं, सर," मी म्हटलं.

म्हटल्यावर ऐकू आलं. गंगारामचाच शब्द, त्याचाच आवाज.

मी त्याच संध्याकाळी वर जायला हवं होतं. गेले नाही. वाट खराब आहे, गुडघा दुखतो, अजून पाच फोन राहिले होते. ही कारणं मी इथे लिहिते आहे ती कोणाला पटावीत म्हणून नाही. पाच फोन मी पूर्ण केले. यमुनाला दर तासाने फोन केला, आणि तिने दर वेळी उचलला आणि सांगितलं, "हाय मी, ताई, जिती हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघाले. आता पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी जाते, पुढे वीस मिनिटं चढ. गवत यंदाही पेटवलेलं. यमुना दारात बसली होती, परीक्षेचं लुगडं नेसून, पिशवी भरून. चेहरा राखेसारखा.

"लवकर घ्यायची ठरली व्हय, परीक्षा?"

मी तिला दारातल्या गोधडीवर निजवलं. नाडी मिनिटाला एकशे दहा. पापणी खाली ओढली, आत पांढरी. सवयीने तिने गुडघे वर घेतले, डोकं वळवलं, तोंड उघडून श्वास घेऊ लागली.

"उठून बस. पाठ कर माझ्याकडे. लुगडं खांद्यावरून काढ."

"ताई, माजी पोटाची ना?"

"आज परीक्षा नाही. खोक. आता मोठा श्वास घे."

मी तिची मान तपासली, काखा तपासल्या, पाठ वरपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंनी ऐकली. छाती क्लिअर होती. या वेळी हे ऐकून लिहिते आहे. मग पोट, मग पाय. तेवीस वर्षांत तिचा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित आखूड आहे, हे मला माहीत नव्हतं.

तिथेच सुई टोचून सलाईन लावलं. मी आणि तिची शेजारीण तिला धरून खाली आलो, शेजारणीने बाटली हातात उंच धरलेली. गाडीत बाटली हँडलला टांगली. निघण्याआधी सर्जनना फोन केला, दुर्बीण आत्ता, पोचल्या पोचल्या, आणि सावरली की त्या ऑपरेशनचं. विभागप्रमुखांना फोन केला नाही, मेसेज टाकला. मग वही काढून तिच्या नावावर आणि पुढच्या अवयवावर रेघ मारली. यमुना मागच्या सीटवरून बघत होती.

"मंग सोमवारी चार नंबरला कोन?"

"कोणी नाही."

"परत कवा यायचं?"

"आता परीक्षेला यायचं नाही. कधीच नाही."

"माजं काय चुकलं का, ताई? कुनी तक्रार केली?"

"नाही. निजून राहा."

तिने डोळे मिटले. लोणावळा मागे पडलं, जुन्या हायवेला लागलो. मी आरशातून तिच्या ओठांचा रंग बघत होते. सोमाटण्याच्या चौकात ट्रकांच्या रांगेत थांबलो, तेव्हा तिने डोळे उघडले.

"माज्याबिगर पोरं नापास व्हतील की."

"होऊ देत," मी म्हटलं, आणि हॉर्नवर हात दाबून ठेवला.